दालचिनी लावताय? साल उभ्या झाडावरून सोलू नका: लावणीपासून सुकवणीपर्यंत सगळे टप्पे

दर वर्षी दिवाळीनंतर मला एकाच प्रकारचे फोटो येतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून येतात, फोंड्यातून येतात, एखादा काणकोणातूनही. कुळागराच्या, म्हणजे पोफळींच्या (सुपारीच्या) मिश्र बागेच्या, कडेला उभी आठ-दहा वर्षांची दालचिनी, आणि तिच्या बुंध्यावर छातीच्या उंचीला वीतभर रुंदीचा उघडा पांढरा पट्टा. त्याखाली प्रश्न असतो: "साल काढली, आता वरची पानं पिवळी पडताहेत. कोणतं खत घालू?"

खत घालून उपयोग नाही. पानांनी बनवलेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं. बुंध्याभोवती साल पूर्ण गोल काढली की ती वाट तुटते, मुळं उपाशी राहतात आणि झाड काही महिन्यांत वरून वाळत येतं. आमच्या भाटातलं (बागायतीतलं) एक जुनं झाड मी स्वतः असंच गमावलं. तेव्हा वाटलं होतं की अर्धी साल शिल्लक ठेवली तर झाड भरून काढेल. उघड्या भागाला पावसात बुरशी लागली आणि पुढच्या मिरगापर्यंत, म्हणजे जूनच्या सुरुवातीपर्यंत, झाड गेलं.

दालचिनीचं मोठं झाड करायचं नसतं. जमिनीलगत छाटून तिचं झुडूप करायचं, बुंध्यातून सरळ फुटवे घ्यायचे, ते अंगठ्याएवढे जाड झाले की कापून आणायचे आणि कापलेल्या काठीची साल सोलायची. बुंधा तिथेच जिवंत राहतो आणि पुन्हा फुटतो. खाली जे काही लिहिलं आहे ते याच पद्धतीचं आहे. टप्प्यांचा क्रम मोडू नका, कारण बहुतेक नुकसान त्यानेच होतं.

टप्पा १: रोप घेण्याआधी झाड ओळखा

आपल्याकडे 'तिखी' म्हणून दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक लागवडीची खरी दालचिनी, शास्त्रीय नाव सिनॅमोमम व्हेरम. दुसरी डोंगरातली रानतिखी. ती याच कुळातली, पण वेगळ्या जातींची. सह्याद्रीच्या रानात या कुळाच्या अनेक जाती आहेत आणि त्यातल्या एकीच्या शास्त्रीय नावातच गोव्याचं नाव आहे. पानं दोन्हींची सारखी दिसतात, देठाकडून निघालेल्या तीन ठळक शिरांची. रानतिखीची पानं जेवणात चालतात, पण तिची साल जाड आणि चिकट निघते, तिची पातळ नळी होत नाही. रानातल्या बियांपासून केलेली रोपं 'दालचिनी' म्हणून विकली जातात आणि चार वर्षांनी सोलताना फसगत कळते.

रोप घेताना मातृवृक्ष बघायला मागा. त्याच्या कोवळ्या फांदीवरून नखाएवढी साल काढून चावा. आधी गोड लागली पाहिजे, मग तिखट. चावताना तोंडात बुळबुळीत चिकटा झाला किंवा कडू लागली तर ते झाड सोडा.

बियांची रोपं आईसारखीच निघतील याची खात्री नसते. म्हणून चांगल्या झाडाची गुटी (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं कलम) किंवा छाटकलम मिळालं तर तेच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात आपल्या हवामानाला जुळणारी आहे. कोळिकोडच्या मसाला संशोधन संस्थेच्या 'नवश्री' आणि 'नित्यश्री' या जातीही चांगल्या आहेत. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात रोपांची चौकशी करा आणि जातीचं नाव पावतीवर लिहून घ्या.

बी स्वतःच पेरणार असाल तर एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला फळं जांभळट काळी होतात, आणि बुलबुल ती तुमच्या आधी संपवतात. पक्व फळं तोडा, गर चोळून काढा, धुवा, सावलीत पाणी निथळू द्या आणि त्याच आठवड्यात पेरा. पुडीत बांधून चवथीपर्यंत ठेवलेलं बी जवळपास उगवतच नाही. ताजं बी १५ ते २० दिवसांत उगवू लागतं. चार-पाच महिन्यांनी रोप पिशवीत घ्या. लावणीला ते साधारण वर्षाचं असावं.

तपासा: रोप एक-दीड फूट उंच आहे, पिशवीच्या तळातून मूळ गुंडाळून बाहेर आलेलं नाही, आणि पान चुरगळल्यावर लवंगेसारखा वास येतो. दालचिनीच्या पानाचा वास सालीपेक्षा लवंगेला जवळचा असतो. म्हणून "पानाला दालचिनीचा वास नाही" असं म्हणून चांगलं रोप टाकून देऊ नका.

टप्पा २: जागा आणि खड्डा

जांभ्याची जमीन चालते, गाळाची चालते, उतारावरची तर उत्तम. फक्त पाणी तुंबणारी जमीन चालत नाही. कुळागराच्या सखल कोपऱ्यात, जिथे पाटाचं पाणी येऊन थांबतं, तिथे दालचिनी जगते, पण साल कडवट होते आणि वास उतरतो. मोकळी जागा दिसली म्हणून नेमकं तिथेच रोप लावलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

स्वतंत्र लागवड असेल तर ३ मीटर बाय ३ मीटर अंतर ठेवा. हेक्टरी सुमारे १,१०० झाडं बसतात. माडांच्या बागेत साडेसात मीटरवर माड असतील तर दोन माडांच्या मधल्या जागेत दालचिनी लावा, आणि चार माडांच्या मध्यावर जायफळ येऊ शकतं. ही मांडणी रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राच्या 'लाखी बागे'मुळे (माडांत मसाल्याची आंतरपिकं घ्यायची पद्धत) कोकणात सर्वांना माहीत आहे. पोफळींच्या दाट रांगांत मात्र दालचिनी कोंबू नका. तिथे फुटवे उजेडाच्या शोधात वाकडे आणि बारीक होतात, आणि वाकड्या काठीची साल एकसंध निघत नाही. कुळागरात तिची जागा मेरेवर (बांधावर), वाटेच्या कडेला किंवा पोफळ मेलेल्या मोकळ्या जागी.

खड्डा अर्धा मीटर लांब, रुंद आणि खोल. तो एप्रिल-मे महिन्यातच खणा आणि उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, पाच-सहा किलो कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घाला. जांभ्यात वाळवी असतेच. कच्चं शेण किंवा सुका पालापाचोळा खड्ड्यात घातला तर तिला आमंत्रणच दिल्यासारखं होतं.

सावध: खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं वर येईल इतका भरा. पहिल्या पावसात माती खचते. सपाट भरलेला खड्डा जुलैत डबकं होतो आणि रोप मुळाशी कुजतं.

टप्पा ३: लावणी आणि पहिली दोन-तीन वर्षं

मिरगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा. पिशवी फाडून काढा, मुळांचा गोळा फोडू नका. शेजारी खुंटी रोवून सैल बांधा.

खत पहिल्या वर्षी झाडाला २० ग्रॅम नत्र, १८ ग्रॅम स्फुरद, २५ ग्रॅम पालाश. बाजारातल्या खतांत मोजायचं तर युरिया ४० ते ४५ ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट सुमारे ११० ग्रॅम आणि म्युरेट ऑफ पोटॅश ४० ते ४५ ग्रॅम. याचे दोन हप्ते करा, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरात. दर वर्षी मात्रा वाढवत न्या. दहाव्या वर्षी नत्र २००, स्फुरद १८० आणि पालाश २०० ग्रॅमवर थांबा. शिवाय मोठ्या झाडाला वर्षाला २० किलो शेणखत किंवा कंपोस्ट. सेंद्रिय बाग असेल तर शेणखत, निंबोळी पेंड आणि माडाच्या झावळांचं आच्छादन यांवर झाड चालतं, थोडं हळू वाढतं इतकंच. जुलैच्या धो-धो पावसात कोणतंच रासायनिक खत टाकू नका, ते सरळ ओहोळात जातं.

पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आठवड्यातून एकदा-दोनदा, जमीन बघून. बुंध्याभोवती आच्छादन ठेवा, पण ते खोडाला टेकवू नका.

या वयात दोन त्रास ठरलेले. पावसाळ्यानंतर कोवळ्या पालवीवर एका फुलपाखराच्या अळ्या येतात. अंग काळं, त्यावर पिवळसर पट्टे आणि लाल ठिपके. दोन दिवसांत शेंडा साफ करतात. दहा-वीस झाडं असतील तर सकाळी हाताने वेचा, फवारणीची गरज पडत नाही. दुसरा त्रास पानांवरच्या तपकिरी ठिपक्यांचा, जे पुढे फांदी शेंड्याकडून वाळवत आणतात. रोगट भाग निरोगी लाकडापर्यंत कापून जाळा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. मिश्रण प्लास्टिकच्या भांड्यात करा, लोखंडी बादलीत नको.

टप्पा ४: पहिली छाटणी

इथे बहुतेकांचा हात धजत नाही. दोन-तीन वर्षांचं, दीड मीटर उंच, लालसर पालवीने भरलेलं रोप, आणि ते जमिनीपासून वीतभर उंचीवर कापायचं! घरातली मोठी माणसं ओरडतात. "पुढच्या वर्षी कापू" म्हणून सोडलं की खोड मनगटाएवढं होतं, साल जाड आणि खरबरीत होते, आणि मग कोणीतरी त्या उभ्या खोडाला सुरी लावतं. फोटोतली सगळी झाडं याच वाटेने गेली आहेत.

जून-जुलैमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर, धारदार करवतीने जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर कापा. काप तिरका घ्या, म्हणजे पाणी साचत नाही. कोयत्याचा घाव घालू नका, त्याने बुंधा चिरतो आणि चिरेतून बुरशी आत उतरते. कापावर बोर्डोची पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा घट्ट लेप, लावा. बुंध्याभोवती मातीची हलकी भर द्या, म्हणजे जमिनीलगतचे डोळे फुटतात.

चार-सहा आठवड्यांत बुंध्यातून फुटव्यांचा झुबका येतो. तो तसाच वाढू दिला तर पंधरा-वीस काड्या होतात आणि एकही धड जाड होत नाही. फुटवे हातभर झाले की त्यातले चार ते सहा ठेवा. सरळ, बुंध्याच्या चारी बाजूंना विभागलेले आणि जमिनीच्या जवळून निघालेले फुटवे निवडा. बाकीचे मुळाशी खुडून टाका. ठेवलेल्या फुटव्यांवर बाजूच्या फांद्या येतील, त्याही वेळोवेळी काढत राहा. गुळगुळीत, गाठी नसलेली काठी हवी असेल तर हे काम टाळता येत नाही.

तपासा: सप्टेंबरअखेर प्रत्येक बुंध्यावर चार ते सहाच फुटवे आहेत ना, एकदा बागेत फिरून मोजा.

तुमच्याकडे आधीच वाढलेलं मोठं झाड असेल तर? तेही वाचवून वळणावर आणता येतं. जून-जुलैमध्ये ते गुडघ्याखाली कापा आणि फुटवे याच पद्धतीने राखा. फार जुनं खोड असेल तर एका वर्षी सगळं न कापता एखादी जिवंत फांदी राखून ठेवा, नवे फुटवे आले की तीही काढा. मात्र त्याआधी वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्या. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जमिनीतल्या झाडांनाही लागू आहे. आणि रानातल्या तिखीला तर हात लावूच नका. तिची साल ओरबाडून नेणं बेकायदा आहे, आणि ती झाडं पुन्हा लावायला कोणी जात नाही.

टप्पा ५: काढणीचा दिवस ठरवणे

फुटवा दीड ते दोन वर्षांचा झाला, जाडी दीड ते अडीच सेंटीमीटर झाली आणि बाहेरची हिरवी साल तपकिरी होऊ लागली की तो काढणीला आला. अंगठ्यापेक्षा बारीक असेल तर थांबा. दोन अंगठ्यांएवढा झाला असेल तर उशीर झाला.

आपल्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ चांगला. पाऊस सरलेला असतो आणि झाडात रस खेळत असतो. मार्च-एप्रिलमध्ये सोलायला गेलात तर साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते, तुकड्या-तुकड्याने निघते आणि अर्धी वाया जाते. पण कॅलेंडरवर विसंबू नका, पालवी बघा. लाल कोवळी पालवी फुटत असेल तर थांबा. ती पालवी हिरवी आणि टणक झाली की साल सुटते.

मग चाचणी घ्या. एक फुटवा कापा, सुरीने उभी चीर द्या आणि टोक सालीखाली सरकवा. साल ओल्या कागदासारखी अलगद उचलली जाऊन खालचं लाकूड पांढरं, ओलं, बुळबुळीत दिसलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी काढणी करा. लाकडावर सालीचे तंतू राहिले, तर आठवडाभराने पुन्हा बघा.

सावध: जेवढं त्या दिवशी सोलून होईल तेवढंच कापा. नवख्या दोन माणसांनी पहिल्या दिवशी वीस-पंचवीस काठ्यांच्या पुढे जाऊ नये. रात्रभर पडलेल्या काठीची साल दुसऱ्या दिवशी लाकडाला धरून बसते. ढीग कापून ठेवून नंतर रडण्यापेक्षा दोन दिवसांत काम वाटून घ्या.

टप्पा ६: सोलणे

आदल्या दिवशी साहित्य जमवा: बारीक दातांची करवत, वाकड्या पात्याची छोटी सुरी, गोल टोकाची दुसरी सुरी, वीतभर लांबीची गुळगुळीत पितळी सळी, ओलं गोणपाट, स्वच्छ चटई. सुऱ्या स्टेनलेस स्टीलच्या असाव्यात. साध्या लोखंडाने ओली साल काळपटते. पितळी सळी मिळाली नाही तर जुन्या पितळी कालथ्याचा गोल दांडाही चालतो, मी बरीच वर्षं तोच वापरला.

सकाळी फुटवे कापा, बुंध्यापासून दोन-तीन बोटं वर, म्हणजे खालचा डोळा पुढच्या फुटव्याला उरतो. शेंडा आणि पानं वेगळी करा. पानं फेकू नका, त्यांचं काम पुढे आहे. काठ्या सावलीत आणून ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि एकेक बाहेर काढा.

मग एका काठीवर हा क्रम:

१. वाकड्या सुरीने बाहेरचा तपकिरी पापुद्रा खरवडा. हात हलका ठेवा. फिकट हिरवट पिवळा थर दिसला की थांबा. हा पापुद्रा राहिला तर दालचिनी खरबरीत आणि तुरट लागते, आणि फार खोल खरवडलं तर तेल असलेली साल जाते.

२. खरवडलेल्या काठीवर पितळी सळी दाबून पुढे-मागे घासा, काठी फिरवत सगळ्या बाजूंनी. लोक हीच पायरी सोडतात आणि मग साल फाटते. घासण्याने साल लाकडापासून सैल होते. सुरुवातीला सळी कोरडी घसरते, मग हाताखाली किंचित पाणी सुटल्यासारखं वाटतं आणि आवाज बदलतो. तिथे थांबा. सोलणाऱ्याच्या बोटांना हा बदल एकदा कळला की पुढे डोळे मिटून कळतो. त्याच क्षणी खोलीभर वास पसरतो, गोडसर, उबदार, सुक्या दालचिनीपेक्षा कितीतरी ओला.

३. साधारण ३० सेंटीमीटर अंतरावर दोन गोल चिरा द्या. गाठ मध्ये येणार असेल तर अंतर कमी करा. गाठीवरून सोलायचा हट्ट धरू नका.

४. दोन गोल चिरांना जोडणाऱ्या दोन उभ्या चिरा समोरासमोर द्या, लाकडाला टेकेपर्यंत, सरळ.

५. गोल टोकाची सुरी चिरेत घालून हळूहळू पुढे सरकवा. साल अर्ध्या नळीसारखी सुटून येते. ओढू नका, सुरीने उचला.

६. निघालेल्या अर्ध्या नळ्या एकात एक बसवून ठेवा, आतली बाजू आत.

तपासा: सोललेल्या काठीवर हात फिरवा. ती सगळीकडे गुळगुळीत आणि ओली लागली तर सोलणी बरोबर झाली. जिथे हाताला खरबरीत लागेल तिथली साल लाकडावर राहून गेली आहे.

तुकडे पडतीलच. ते वेगळ्या डब्यात ठेवा.

टप्पा ७: गुंडाळणे आणि सुकवणे

सोललेली साल त्या रात्री गोणपाटात गुंडाळून ठेवा. रात्रभरात ती थोडी मुरते आणि लवचीक होते. सकाळी अर्ध्या नळ्या टोकाला टोक किंचित चढवून लांब नळी तयार करा, आत बारीक तुकडे भरा आणि तळव्याखाली हलकेच फिरवा. विकायची नसेल, घरापुरतीच असेल, तर आत तुकडे भरण्याची गरज नाही. दोन-तीन साली एकात एक घालून गुंडाळल्या तरी पुरे.

नंतर चार-पाच दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी सुकवा. बांबूच्या काठ्यांच्या माचावर किंवा ताणलेल्या दोऱ्यांवर मोकळ्या ठेवा, एकमेकींना चिकटू देऊ नका. पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ तळव्याने फिरवून आकार नीट करा. शेवटी एक सकाळ कोवळ्या उन्हात. सुरुवातीलाच कडक उन्हात टाकल्या की नळी वळते, फाटते आणि सुगंधी तेल उडून जातं.

चुलीवरच्या माचावर सुकवू नका. आमसुलं आणि सुकी मासळी तिथे ठेवायची सवय आहे आपल्याला, पण दालचिनी धुराचा वास ओढून घेते आणि तो पुन्हा जात नाही.

दिवाळीच्या आसपास संध्याकाळी अचानक गडगडाट होऊन पाऊस येतो, हे गोव्यात नवं नाही. एका वर्षी तसाच पाऊस आला, हवा दमट झाली आणि तिसऱ्या दिवशी वरून कोरड्या वाटल्या म्हणून मी सगळ्या नळ्या बरणीत भरल्या. आठवड्याने झाकण उघडलं तर आतल्या घड्यांत पांढरी बुरशी. बाहेरून एकही खूण नव्हती. सगळा माल टाकावा लागला, पुसून वापरण्यासारखा नव्हता. तेव्हापासून मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, वजन करतो. नळ्यांची एक जुडी रोज त्याच वेळी तराजूवर ठेवा. सलग दोन दिवस वजन तेच राहिलं की माल सुकला. दुसरी खूण म्हणजे नळी मोडून पाहा, ती कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे.

भरताना काचेची किंवा घट्ट झाकणाची स्टीलची बरणी घ्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पूड आधी करून ठेवू नका. अख्खी नळी वास धरून ठेवते, पूड लवकर सोडते.

टप्पा ८: पानं, तुकडे आणि काठ्या

एका काढणीत सालीपेक्षा बाकीचा माल जास्त निघतो, आणि तो बांधावर टाकला जातो. पक्व पानं सावलीत सुकवा, हिरवी राहिली पाहिजेत. खऱ्या तमालपत्राचं झाड वेगळं, उत्तरेकडचं, पण पुलावात आणि खतखत्याच्या बाजूला केलेल्या साध्या भातात ही पानं छान लागतात. सालीचे तुकडे शागोतीच्या वाटपाला, गरम मसाल्याला, चहाला. नळीएवढेच चांगले, फक्त दिसायला लहान.

पानांपासून तेल निघतं, त्यात लवंगेसारखा युजेनॉल हा घटक मुख्य. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. पण तेलासाठी ऊर्ध्वपातनाची भट्टी आणि खूप पानं लागतात. वीस झाडांच्या जिवावर त्यात पैसे घालू नका. शेजारच्या बागायतदारांनी मिळून केलं तर विचार करावा.

सोललेल्या काठ्या मिरवेलीच्या रोपांना, वालीला, काकडीला आधार म्हणून उभ्या करा. उरलेल्या चुलीत. बारीक डहाळ्या आणि सडकी पानं त्याच झाडाच्या बुंध्याशी आच्छादनाला.

विकायचा विचार असेल तर पाकिटावर 'दालचिनी' लिहा आणि एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी करून घ्या. बाजारात दालचिनी म्हणून बऱ्याचदा कॅसिया (याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल) विकली जाते, नियमांत तिचं नाव वेगळं आहे. कॅसियाची साल जाड, टणक, एकाच थराची असते आणि मोडायला जोर लागतो. तिच्यात कुमारिन नावाचा घटक बराच असतो, जो रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेला तर यकृताला त्रास देऊ शकतो. खऱ्या दालचिनीत तो अगदी थोडा. तुमची नळी कागदासारख्या पातळ थरांची आणि बोटांनी मोडणारी असेल, तर गिऱ्हाइकासमोर दोन्ही मोडून दाखवा.

टप्पा ९: काढणीनंतरचा बुंधा

सोलणीच्या गडबडीत याकडे कोणी बघत नाही. काढणी झाली त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावा. चिरलेला काप दिसला तर करवतीने पुन्हा साफ करा. बुंध्याभोवती शेणखत आणि आच्छादन द्या. पुढचा पावसाळा सहा ते आठ महिने लांब असतो, म्हणून जानेवारीपासून आठवड्याला एक पाणी चालू ठेवा. मोठ्या झाडांना एरवी गरज नसते, पण नुकत्याच कापलेल्या बुंध्याला असते.

सगळे फुटवे एकाच वर्षी कापू नका. सहा फुटवे असतील तर तीन या वर्षी, तीन पुढच्या वर्षी. पानं असलेले फुटवे बुंध्याला जगवतात, आणि तुम्हाला दर वर्षी थोडा माल मिळतो. कोणते कापले आणि कोणते राखले हे लक्षात राहत नाही, म्हणून मी राखलेल्यांना सुंभाचा सैल वेढा घालतो आणि वहीत झाडाच्या नंबरासमोर तारीख लिहितो. नव्या फुटव्यांची निवड मिरग लागल्यावर, टप्पा ४ प्रमाणे. त्यांची काढणी पुन्हा दीड-दोन वर्षांनी, पालवी हिरवी झाल्यावर.